अंदमानात संध्याकाळ पाचलाच होते

पत्र थोडक्यात असं: लेखिका २७ वर्षांची, बँकेत नोकरीला. लग्न डिसेंबरच्या मध्यावर, बघून ठरलेलं. नवरा मुलगा दुसऱ्या शहरात असतो, त्यामुळे साखरपुड्यानंतर बोलणं झालं ते बहुतेक फोनवरच. लग्नानंतर सत्यनारायण आणि कुलदैवताचं दर्शन उरकलं की लगेच अंदमानला निघायचं, असं त्याने ठरवलंय. सहा रात्रींचं पॅकेज पसंत करून झालंय, पैसे भरायचे तेवढे बाकी आहेत. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी रॉस आणि नॉर्थ बे, तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला उठून बाराटांग, मग हॅवलॉक, एलिफंट बीच, स्कूबा, नील. सातव्या दिवशी सकाळी नीलहून बोट आणि दुपारी पोर्ट ब्लेअरहून परतीचं विमान. तिला पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते, आणि हे तिने त्याला सांगितलेलं नाही. ‘तो इतक्या हौसेने ठरवतोय. आत्ताच नन्नाचा पाढा लावला तर कायमची रडकी ठरेन,’ असं ती लिहिते. होणाऱ्या सासऱ्यांनी जेलमध्ये जाऊन नमस्कार करून यायला सांगितलंय. हनिमूनला तुरुंग बघायचा हे तिला विचित्र वाटतं, आणि तसं वाटतं म्हणून अपराधीही वाटतं. होणाऱ्या सासूबाई म्हणतात, तिकीट नव्या नावाने काढा. पत्राच्या तळाशी एक ओळ आहे: ‘खरं सांगू का, सात दिवस आम्ही दोघंच. एवढं बोलणार काय, याचीच जास्त धास्ती आहे.’

तुझी ही तळाची ओळच मी आधी घेते. बाकीचे बरेचसे प्रश्न तिच्यातूनच निघालेत, असं मला वाटतं.

हा भरगच्च कार्यक्रम म्हणजे त्याची हौस, असं तू धरून चालली आहेस. असेलही. पण बहुतेक वेळा असा कार्यक्रम कोणी बसून आखलेला नसतो. एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन पीडीएफ पाठवलेल्या असतात, त्यातली ज्यात सगळ्यात जास्त ठिकाणं आहेत ती ‘पैसे वसूल’ म्हणून निवडलेली असते. दुसरीही एक शक्यता आहे. तोही तुझ्याइतकाच नवखा आहे. रिकामा वेळ मिळाला तर काय बोलायचं, ही धास्ती त्यालाही असेल आणि म्हणून त्याने वेळच शिल्लक ठेवला नसेल. तू त्याला घाबरून गप्प, तो तुला घाबरून पहाटे तीनची गाडी ठरवतोय, असं चित्र निघालं तर मला मुळीच नवल वाटणार नाही.

आता पॅकेजच्या कागदावर नसलेली एक गोष्ट सांगते. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ तिथेही आपलंच चालतं. त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, मुंबईच्या तासभर आधी. सहापर्यंत पुरता काळोख. हॅवलॉक आणि नीलवर मॉल नाही, थिएटर नाही. थोडे कॅफे, हॉटेलातलं जेवण, बस्स. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हापासून इंटरनेट बरंच सुधारलंय, पण लहान बेटांवर रील्स बघत संध्याकाळ निघेल या भरवशावर जाऊ नये. म्हणजे दिवस कितीही कोंबून भरला तरी संध्याकाळी पाच ते रात्री दहा हे पाच तास रोज मोकळेच राहणार आहेत. ते टाळता येत नाहीत. पहाटे तीनपासून हिंडून, जांभया देत, पाय चेपत ते घालवायचे की दुपारी झोप काढून, ताजंतवानं होऊन, एवढंच तुमच्या हातात आहे.

आणि बोलायचं काय, याची फार चिंता करू नकोस. पत्त्यांचा कॅट घेऊन जा. हे मी गमतीने सांगत नाही. हात कशात तरी गुंतलेले असले की माणसं सहज बोलतात, समोरासमोर बसवलं की मुलाखत सुरू होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखांच्या आसपास अमावास्या आहे का तेही बघ. असेल तर हॅवलॉकच्या खाडीत रात्री पाण्यातले सूक्ष्म जीव चमकतात, वल्हं मारलं की पाणी निळसर उजळतं. कायाकमधून ते दाखवायला नेतात, लाइफ जॅकेट घालूनच. चांदणं असलं तर फारसं दिसत नाही, म्हणून तिथी बघायची.

पाण्याची भीती त्याला आजच सांग. लग्नाआधी सांगितलेली भीती ही माहिती असते. तिथे बोटीत बसल्यावर ऐनवेळी सांगितलीस तर तिला नखरा म्हणायला लोक मोकळे. ‘नाही’ हा एकच शब्द तुझ्याकडे आहे, असं समजू नकोस. ‘मला पोहता येत नाही, खोल पाण्याची भीती वाटते. तू स्कूबा कर, मी किनाऱ्यावर थांबते. आणि मला कंबरभर पाण्यात हात धरून तू घेऊन जा,’ असं म्हणून बघ. यात नन्नाचा पाढा कुठे आहे? तो हिरमुसला तर हिरमुसू दे थोडा वेळ. हनिमूनला प्रत्येक गोष्ट जोडीनेच केली पाहिजे, हाही एक समजच आहे. दोन तास तो पाण्याखाली आणि तू झाडाखाली पुस्तक घेऊन बसलीस, तर उलट रात्री बोलायला दोघांकडे वेगवेगळं काहीतरी असेल.

तुला करून बघावंसं वाटलंच, तर नवख्यांच्या स्कूबासाठी पोहता यावं लागत नाही. आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव करून घेतात, मग एका माणसामागे एक प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो, आणि बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. खोल जाताना कानात दडे बसतात, ते नाक दाबून हवा सोडून मोकळे करायचे. सर्दी असेल तर ते होत नाही आणि कानाला इजा होऊ शकते. लग्नाच्या दगदगीनंतर सर्दी-खोकला कोणाला नसतो? तेव्हा त्या दिवशी नाक चोंदलेलं असेल तर पैसे भरलेत म्हणून उतरायचं नाही, हे त्यालाही लागू. दम्याचा किंवा हृदयाचा काही त्रास असला तर फॉर्मवर खरं लिहायचं. स्कूबानंतर विमानात बसायला किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस जाऊ द्यावा लागतो, म्हणून ते शेवटच्या दिवसाच्या आसपास ठेवू नका. आणखी एक, तू विचारलेलं नाहीस तरी: हिरवा चुडा. हात आवळून बसणारा डायव्हिंगचा सूट चढवताना काचेच्या बांगड्या टिकत नाहीत आणि हात कापतो. तुमच्याकडे चुडा किती दिवस उतरवत नाहीत ते सासूबाईंना आधीच विचारून ठेव. तिथून फोन करून विचारायची वेळ नको.

आता कार्यक्रमाला कात्री. बाराटांग काढून टाका, यावर माझं मत ठाम आहे. तिथे जाणारा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात. मध्ये थांबायला, फोटो काढायला कायद्याने बंदी आहे. तरी जाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं लक्ष चुनखडीच्या गुहांपेक्षा खिडकीबाहेर ‘ते’ दिसतात का याकडेच असतं. त्या गर्दीत तुम्ही दोघांनी भर घालू नये. हे कारण त्याला पटलं नाही, तर लग्नानंतरच्या आठवड्यात पहाटे तीनला उठून दिवसभर गाडीत बसायचं, हे कारण पटेल.

दुसरी चूक जास्त महागात पडणारी आहे. नीलहून सकाळची बोट आणि त्याच दुपारचं विमान. अंदमानात सगळा हिशेब बोटींवर असतो आणि बोटी हवामानावर. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी बोटीने दीड तास, सरकारी बोटीने त्याहून जास्त. पण समुद्र खवळला की दोन्ही बंद. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा जोर डिसेंबरात ओसरत आलेला असतो, तरी चक्रीवादळांची शक्यता पूर्ण गेलेली नसते. २०१६ च्या डिसेंबरात, पुढे ‘वरदा’ नावाने चेन्नईला धडकलेलं वादळ तयार होत होतं, तेव्हा हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते. त्यांना आणायला नौदल आणि तटरक्षक दलाची जहाजं पाठवावी लागली. असं दरवर्षी होत नाही. पण नुसती एक फेरी रद्द व्हायला वादळ लागत नाही, वारा पुरतो. म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. मला विचारशील तर पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग सलग तीन रात्री हॅवलॉक, एक रात्र नील आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. नॉर्थ बे गेलं तर जाऊ दे. रॉस हवं असेल तर ते शेवटच्या मोकळ्या वेळात बसतं. जेट्टीवरून अगदी जवळ आहे, इंग्रजांच्या पडक्या इमारतींवर वडाची मुळं चढलीत आणि हरणं हिंडतात.

कागदावरच्या नावांनी गोंधळून जाऊ नका. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं, २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बोलताना लोक जुनीच नावं घेतात, तिकिटावर नवी दिसू शकतात.

हॅवलॉकला राधानगरचा किनारा मावळतीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे चारलाच पोचायचं. सहाला गेलात तर काळोख बघून परत याल. नीलवर भरतपूरचा किनारा बराच उथळ आहे. तुला पाण्याशी ओळख करून घ्यायची तर ती तिथे कर. एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या: अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. राधानगरजवळच २०१० साली मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक स्त्रीचा जीव गेला होता. पाण्यात उतरू नका असा फलक असेल किंवा जीवरक्षक शिट्टी वाजवत असेल, तर ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याचं, मग तो नवरा का असेना, ऐकायचं नाही.

पैसे अजून भरलेले नाहीत, हे फार बरं आहे. तोवर एजंट कार्यक्रम हवा तसा बदलून देतात, भरल्यावर प्रत्येक बदलाला कारण आणि दंड सांगतात. बोट रद्द झाली तर जास्तीच्या रात्रीचे पैसे कोणाचे, विमान चुकलं तर काय, हे लेखी मागून घ्या. फोनवरचं ‘मॅडम, काळजीच करू नका’ हे उत्तर धरायचं नाही.

लगेचच जायला हवं का, हा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण मी विचारते. लग्न, पूजा, कुलदैवताचा प्रवास, पाहुणे, आणि मग दोन विमानं बदलून बेटावर. तुम्ही तिथे पोचाल तेव्हा पहिले दोन दिवस नुसती झोप हवी असेल. लग्नानंतर दोन-तीन दिवस जवळपास कुठेतरी शांत जाऊन यायचं आणि अंदमान फेब्रुवारीत करायचं, हा पर्याय मला आवडतो. तेव्हा समुद्र जास्त शांत असतो, पाणी स्वच्छ दिसतं, नाताळ आणि नववर्षाची गर्दी नसते. दीड-दोन महिने एका घरात काढल्यावर तुम्ही एकमेकांना थोडे ओळखतही असाल, त्या पाच तासांची धास्ती उरणार नाही. तोवर तू पोहण्याच्या तलावात निदान तरंगायला शिकू शकतेस. याची दुसरी बाजूही आहे. लग्नासाठी मिळालेली रजा पुन्हा मिळत नाही, तू बँकेत आहेस, फेब्रुवारी सरला की मार्चअखेरची कामं मानेवर बसतात. आणि सासरी एकदा घडी बसली की ‘आता कशाला, पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारं कोणीतरी निघतंच. म्हणून पुढे ढकलणार असाल तर तिकिटं लग्नाआधी काढून ठेवा, नाहीतर डिसेंबरातच जा आणि कार्यक्रम अर्धा करा. यातलं कुठलंही एक चालेल. आहे तोच कार्यक्रम तसाच पुढे रेटायचा, हे तेवढं करू नका.

जेलबद्दल. हनिमूनला तुरुंग विचित्र वाटणं स्वाभाविक आहे, त्यात अपराध काही नाही. तरी मी जा असंच म्हणेन, आणि सासऱ्यांसाठी म्हणून नाही. १९०६ मध्ये बांधून पुरी झालेल्या त्या इमारतीच्या सात बाजूंपैकी आता तीनच उरल्यात. पण एका कोठडीत आत जाऊन उभं राहिलं की ती रचना कळते: प्रत्येक बाजूचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोरचा कैदी दिसूच नये. बाबाराव आणि विनायकराव हे सावरकर बंधू एकाच वेळी तिथे होते, तरी त्यांना एकमेकांपासून दूर ठेवलं होतं. आपल्याकडच्या घरांत हे नाव ऐकत आपण मोठे झालेलो असतो, प्रत्यक्ष भिंती बघणं वेगळं. पोचल्याच्या दिवशी दुपारी जाऊन या, दोन तास पुरतात. मन जड होईल ते होऊ दे, दुसऱ्या दिवशी बोट आहेच. फक्त एजंटाने ठरवलंय म्हणून विमानातून उतरून, न जेवता-झोपता, रात्रीच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमापर्यंत ताटकळत बसू नका. तो परतीच्या मुक्कामातही बघता येतो. सासऱ्यांना तिथून एक फोन कर, त्यांना तेवढं पुरेल.

आता जे तू लिहिलेलं नाहीस पण लिहिता लिहिता थांबलीस असं मला वाटलं, त्याबद्दल. ‘हनिमून स्पेशल’मध्ये पलंगावर पाकळ्यांचा बदाम, केक आणि मेणबत्त्या असतात. आवडत असेल तर मजा घ्या, अवघडल्यासारखं होत असेल तर हे नको असं एजंटाला सांगता येतं. पलंग सजवलाय म्हणजे आज काही झालंच पाहिजे, असं नसतं. दोन माणसांना एकमेकांची सवय व्हायला लागतो तेवढा वेळ लागतो, तो कोणत्याही पॅकेजमध्ये छापलेला नसतो. लग्नाच्या महिनाभर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन ये. गर्भनिरोधनाचं काय करायचं ते त्यांच्याशी बोल आणि मग त्याच्याशीही. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या कोणी मैत्रिणीने सुचवल्या म्हणून परस्पर मेडिकलमधून आणू नकोस, त्या सगळ्यांना चालत नाहीत. बोट लागत असेल तर त्याची गोळीही याच भेटीत लिहून घे.

किनाऱ्यावर पहाटे आणि तिन्हीसांजेला बारीक वाळूमाश्या चावतात, त्याचं मलम आणि पूर्ण पायाचे कपडे बरोबर असू देत. दागिने घरी. येताना प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून बॅगेत टाकायचा मोह आवरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.

राहिलं तिकिटावरचं नाव. सासूबाईंना प्रेमाने सांग की विमानाच्या तिकिटावर नाव ओळखपत्राप्रमाणेच लागतं, आणि लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तुझ्या आधारवर जुनंच नाव असणार आहे. नाव बदलायचं की नाही, हे तुम्ही दोघं नंतर सावकाश ठरवा. तिकीट, बोट आणि हॉटेल तिन्हींचं बुकिंग आधारवर आज जे नाव आहे, त्याच स्पेलिंगने करा.